नाल्याकडची बाजू

मंदाला हे माहीत नाही. मंदा म्हणजे माझी बायको. सुरुवात तिच्यापासून करतो, कारण तिच्यापासून लपवलेली माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे — आणि तिलाच सांगितली नाही, तर दुसऱ्या कोणाला सांगितली असेल? सात वर्षं झाली. या गोष्टीतला एक शब्दही मी तोंडाबाहेर काढलेला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलतो, पावसाचं, पिल्लांच्या तब्येतीचं, आणि लवकर उठतो.

तुम्ही अनोळखी आहात, म्हणून सोपं जातंय का? असेल तसं. अनोळखी माणूस उठून जात नाही, आणि गेला तरी दिसत नाही.

मला बोलायची सवय नाही. वीस-बावीस वर्षं मी सिंदी रेल्वेला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसाची गाडी काट्यावर चढायची, मी वजन सांगायचो, गाडी उतरायची. त्या कामात माणूस जितका कमी बोलेल तितका बरा. लोक माझ्या शब्दावर भांडत नसत. सुधाकरनं सांगितलं म्हणजे तेवढंच भरलं असणार, असं म्हणायचे. बढाई म्हणून नाही सांगत. त्या विश्वासाचं मी पुढे काय केलं, ते कळावं म्हणून सांगतो.

कंबर धरायला लागली तेव्हा नोकरी सोडली आणि गावी आलो. गाव सेलू तालुक्यात आहे, नाव राहू द्या. गावाला लागून आमचं दोन एकर वावर — एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला. तिथं बकऱ्या पाळायच्या असं ठरवलं. वर्ध्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते मी लॅमिनेट करून आणलं. चहाच्या टपरीवर ही बातमी माझ्याआधी पोचली होती. "बकऱ्या चारायचा बी कागद भेटते काय बाप्पा? बकरीले दाखवजो, दूध जास्त देईन." सगळे हसले. मीही हसलो. पण ते लागलं मला, चांगलंच लागलं. त्याच दिवशी मनाशी म्हटलं की यांना असं काही उभं करून दाखवतो की रस्त्यानं जाणारी एसटी थांबेल.

हे ध्यानात ठेवा. माझं सगळं पुढचं इथूनच निघालं.

आता जनामाय. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की हात थांबतो, तरी लिहितो. गावाच्या टोकाला गोंडांची सहा-सात घरं आहेत, त्यातलं एक तिचं. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, एक मुलगी होती ती लग्न होऊन पुलगावच्या पलीकडे गेलेली. जनामाय तेव्हा साठीच्या पुढे होती. तिच्या स्वतःच्या चौदा-पंधरा बकऱ्या होत्या, आणि गावातल्या अकरा घरांच्या बकऱ्या ती रोज सकाळी घेऊन जायची, दिवेलागणीला दारोदार परत पोचवायची. त्याबद्दल घरं तिला ज्वारी द्यायची, डाळ द्यायची, सणाला लुगडं द्यायची. आमच्याशी ती आमच्यासारखं बोलायची, बकऱ्यांशी मात्र गोंडीत. कळप रस्त्यानं चालला की ती मागून हळू आवाजात काहीतरी बोलत राहायची, आणि चाळीस-पन्नास जनावरं कान मागे वळवून ऐकत चालायची. मला त्यातलं काही समजायचं नाही. त्यांना समजायचं.

पहिली बकरी मला तिनंच दिली. मी बाजारातून आणणार होतो. ती म्हणाली, बाजारातून बकरी आणशील तर सोबत दुखणं आणशील. माझी एक घे, बटईनं घे. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. बकरी एकाची, राखण दुसऱ्याची. पहिल्या वेताचं पिल्लू राखणाऱ्याचं, दुसऱ्या वेताचं धन्याचं, असं पाळीपाळीनं चालतं. लिहापढी काही नसते. सहसा ज्याच्याकडे काही नाही तो राखतो आणि ज्याच्याकडे आहे तो धनी असतो. आमचं उलट झालं. दोन एकरवाला मी राखणारा आणि जनामाय धनीण. तिला त्याची गंमत वाटायची. "सुधाकर माहा बटईदार हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि तोंडावर पदर घेऊन हसायची.

बकरीचं नाव कवडी. काळी, अंगावर पांढरे ठिपके. डाव्या कानाच्या टोकाला दोन चिरा होत्या, ती जनामायची खूण. प्रत्येक धन्याची कानावरची खूण वेगळी असते, आणि ती उगीच नसते. बटईची बकरी राखणाऱ्याकडे मेली, तर त्यानं तिचा कान कापून धन्याकडे न्यायचा. कान दाखवायचा आणि कशानं गेली ते सांगायचं. दुखण्यानं, म्हातारपणानं, विंचू-सापानं गेली तर कोणाचा दोष नाही. धनी कान मातीत पुरतो आणि विषय तिथं संपतो. राखणाऱ्याच्या हयगयीनं गेली — कुत्र्यांनी धरली, चोरीला गेली — तर त्यानं भरून द्यायची. आणि कशानं गेली हे राखणाराच सांगतो. हातात कान असताना जे सांगितलं ते खरं. त्यावर कोणी उलटतपासणी करत नाही. आमच्या गावात कान हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी तरी ऐकलेला नव्हता.

आता कुंपणाचं सांगतो. चारी बाजूंना लोखंडी जाळी लावायची, तर आणलेली जाळी पुरत नव्हती. तीन बाजूंना होईल एवढी होती. कुठली बाजू सोडायची? जनामायनं मला एकदा नाही, तीनदा सांगितलं. पहिल्यांदा खड्डे खणताना, दुसऱ्यांदा अँगल उभे करताना, तिसऱ्यांदा जाळी ताणताना.

"बाबू, नाल्याकडची बाजू पयले बांध. रस्त्याकडून मानसं येतात, नाल्याकडून कुत्रे येतात. अन् जाळी वीतभर मातीत गाड, वरून गोटे ठेव. कुत्रं उडी नाई मारत, उकरते."

मी हो-हो केलं, आणि रस्त्याकडची बाजू आधी बांधली. सहा फूट उंच, वर काटेरी तार, मधोमध लोखंडी फाटक, फाटकावर कमान. बकरीसाठी कमान! आज लिहिताना लाज वाटते. बाजूच्या दोन अंगांना उरलेली जाळी लागली. नाल्याकडे बोरी-बाभळीच्या काट्या रचल्या, त्यांना तुराट्यांचा आधार दिला, म्हटलं पुढच्या वर्षी पाहू. काट्यांचं कुंपण हिरवं असताना छातीभर उंच दिसतं. वाळलं की खाली बसतं. पावसानं नाल्याकाठची माती खचली आणि काट्यांखाली जागा झाली. मला ती दिसली होती. दोनदा पायानं काट्या सरकवून मी ती बुजवलीही होती. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

कवडीचं पहिलं वेत माझ्याकडे झालं. पाट झाली, मादी पिल्लू. बटईच्या नियमानं ती माझी. नंतर मी दोन बकऱ्या विकतच्या आणल्या, जनामायचं न ऐकता. रोज सकाळी माझ्याही बकऱ्या तिच्या कळपासोबत जायच्या. कवडी दुसऱ्यांदा गाभण राहिली. या वेताचं पिल्लू जनामायचं होतं. दिवस भरत आले तेव्हा ती म्हणाली, आता इले घरीच राहू दे, जड झाली, चालवत नाही. म्हणून चार दिवस कवडी एकटी आवारात असायची.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचायचे दिवस, सगळं गाव वावरात. मंदा लग्नाला हिंगणघाटला गेलेली. त्या दिवशी दुपारी मी सेलूला गेलो होतो. कशाला गेलो होतो ते सांगायलाच हवं — कमानीवर लावायची पाटी रंगवायला दिली होती, ती आणायला. माझ्या नावाची पाटी.

परत आलो तेव्हा आवारात आवाज नव्हता. कवडी नेहमी फाटक वाजलं की ओरडायची. पाटी काखेत धरूनच मी आत गेलो. ती नाल्याकडच्या कोपऱ्यात पडली होती. काट्यांखाली माती उकरलेली, आत-बाहेर कुत्र्यांचे पाय उमटलेले. तिला पळता आलं नव्हतं. मी अजून लिहू का? पोट — नाही, नको. पिल्लं दोन होती, एवढंच सांगतो.

मी किती वेळ बसलो माहीत नाही. रडलो की नाही तेही आठवत नाही. एक मात्र लख्ख आठवतं. पहिला विचार कवडीचा आला नाही, जनामायचाही नाही. चहाच्या टपरीचा आला. कमान बांधली अन् कुत्रे मागून आले — हे वाक्य मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं. हसण्यासकट.

मग मी खड्डा केला. नाल्याकाठच्या उंबराखाली. पुरण्याआधी विळ्यानं डावा कान कापला, दोन चिरांचा. आवारातल्या रक्तावर माती टाकली, काट्या ओढून खालची जागा बुजवली, हात-पाय धुतले. कान पळसाच्या पानात गुंडाळला. हे सगळं करताना मी काय सांगायचं ते जुळवत होतो. प्रशिक्षणात बकऱ्यांच्या एका साथीच्या रोगाबद्दल शिकवलं होतं, त्याचं माहितीपत्रकही घरी होतं. नाक गळतं, हगवण लागते, ताप येतो. त्यातलं मी वेचून घेतलं. दुखण्यानं गेली म्हटलं की कोणाचा दोष नाही — एवढंच डोक्यात होतं. एक बकरी भरून द्यायची टाळण्यासाठी मी हे केलं असं तुम्हाला वाटेल. तसं असतं तर बरं झालं असतं. मी दोन भरून देऊ शकलो असतो. मला फक्त हसू नको होतं.

दिवस मावळताना कळप आला. जनामाय फाटकाशी थांबली, माझ्या तीन बकऱ्या पुढे केल्या आणि आत पाहत म्हणाली, कवडी काऊन ओरडत नाई आज? मी पान उघडून पुढे केलं. तिनं कान हातात घेतला. अंगठ्यानं चिरा चाचपल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. तीन दिवस नाक गळत होतं, मला थंडीचं वाटलं. मग हगवण लागली. आज दुपारी गेली.

मग तिनं एक प्रश्न विचारला. पद्धतीत नसलेला प्रश्न. मला तपासायला नाही विचारला, तिला कळपाची काळजी वाटली म्हणून विचारला.

"तोंडात फोड होते काय?"

माहितीपत्रकात होतं. तोंडात फोड येतात, असं चित्रासकट होतं. नाही म्हटलं असतं तर साधी हगवण ठरली असती, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मला काय वाटलं? वाटलं, तिनं विचारलंय म्हणजे असायला पाहिजेत. नाही म्हटलं तर खोटं उघडं पडेल. मी म्हटलं — हो.

तो हो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान शब्द आहे आणि त्याच्याखाली सगळं गेलं.

तिचा चेहरा पडला. तिनं काठी आडवी करून माझ्या बकऱ्या फाटकातून मागे घेतल्या आणि स्वतःही दोन पावलं मागे सरली. "मंग हे माह्या कळपातूनच आलं असन," ती म्हणाली. "परवा-परवापर्यंत माह्याच संगं होती ते." पाहा, तिनं दोष स्वतःवर घेतला. आवारात रोग आहे म्हणून तिनं आत पाऊल टाकलं नाही. टाकलं असतं तर माती, काट्या, सगळं तिला वाचता आलं असतं. साठ वर्षं तिनं तेच वाचलं होतं. माझ्या खोट्यानं स्वतःची राखण स्वतःच केली. तिनं कान पदरात बांधला. माझ्या तीन बकऱ्या आपल्यासोबतच नेल्या, म्हणाली इथं आत नको, माझ्या बकऱ्या तर यांच्यासोबतच चरल्या आहेत, राहू दे त्यांच्यातच.

त्याच संध्याकाळी ती अकरा घरी गेली. प्रत्येक दारात उभी राहून तिनं सांगितलं. मंदाच्या मैत्रिणीनं ते शब्द नंतर मंदाला सांगितले आणि मंदानं मला, म्हणून मला ठाऊक आहेत. "बाई, तुयी बकरी आता घरीच बांध. दुसऱ्याच्या बकरीजवळ नको नेऊ. माह्या कळपात रोग निंगाला." कोणी तिला विचारलं नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. ती गप्प बसली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी दारं नेहमीसारखी उघडली असती.

मी त्या संध्याकाळी घरी होतो. पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी बाहेर निघून तिला कुठल्याही दारात गाठू शकत होतो. अकरा दारं होती, अकरा वेळा संधी होती. मी काय केलं? भाकरी नव्हती, पोहे भिजवले आणि खाल्ले.

पाच दिवसांनी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांच्याकडे दोन गावांचे दवाखाने होते, जमेल तसं आले बिचारे. मला लक्षणं विचारली, मी तीच सांगितली, आता पाठ झाली होती. कळपात एकही बकरी आजारी दिसत नव्हती. तरी ते म्हणाले की सगळ्यांना लस टोचू, तीन आठवडे वेगळं ठेवा, चरायला सोडू नका. अकरा घरांपैकी पाच-सहा घरं तेवढंही थांबली नाहीत. घाबरून बकऱ्या बाजारात काढल्या. जनामाय त्यांना नको म्हणत होती — दुसऱ्याच्या कोठ्यात रोग कशाला पाठवता. तिनं स्वतःची एकही काढली नाही.

चरायला सोडायचं नाही म्हणजे पाला घरी आणायचा. तिच्या पंधरा आणि माझ्या तीन. अठरा जनावरांचा पाला ती रोज डोक्यावर आणायची. मी म्हटलं, माझ्यापुरता मी आणतो. ती म्हणाली, तू त्या आवारातला माणूस, इकडे येऊ नको, तुझ्या पायाला लागून येईल. मंदा परत आली होती. ती जनामायच्या दारापासून लांब डाळ-तांदूळ ठेवून यायची.

आणि मी? मी त्या दिवसांत नाल्याकडची बाजू बांधत होतो. नवी जाळी आणली. वीतभर मातीत गाडली, वरून गोटे ठेवले. जसं तिनं सांगितलं होतं, अगदी तसं. गावाला वाटलं, रोग आला म्हणून सुधाकरनं बंदोबस्त केला.

बाराव्या दिवशी सकाळी मी तिथं तार पिळत होतो. नाल्यापलीकडून जनामाय आली, हातात आकडी, पाठीला दोर. मला लांबूनच हात केला. आकडीला पुरेल तेवढा पाला तिनं आधीच्या दिवसांत खालून ओढून घेतला होता, म्हणून ती उंबरावर चढली. त्याच उंबरावर. मी खाली मान घालून तार पिळत राहिलो, कारण मान वर केली की उंबराखालची माती दिसत होती. मग फांदीचा आवाज आला.

तिच्याजवळ मीच आधी पोचलो. ती कुशीवर पडली होती, पाय वाकडा झाला होता, ओरडली नाही. तिची नजर माझ्यावरून मागे जाळीवर गेली. म्हणाली, "बांधली काय बाबू? चांगलं केलं."

ऑटोनं वर्ध्याला नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की ती माझं मनगट दाबायची. सेलू गेल्यावर तिनं डोळे उघडले आणि बकऱ्यांचं बोलली. पाणी दोनदा दे. करडांना वेगळं बांध. मग म्हणाली, "आन त्याईले कोनाच्या बकऱ्यांत सोडू नको बरं, तीन हप्ते होयेपर्यंत. गरिबाच्या एक-दोन बकऱ्या हाय."

तिथं ऑटोत आम्ही दोघंच होतो आणि पुढे चालवणारा. मला सांगता आलं असतं की माय, रोग नाही. कधीच नव्हता. मी तोंड उघडलंही. आणि म्हटलं — हो.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण पाय आखूडच राहिला. लोक म्हणाले, सुधाकरनं पोटच्या पोरासारखं केलं. मी दवाखान्यात चार दिवस बसलो होतो, हे खरं आहे. खरं आहे, म्हणूनच त्याची किळस येते.

तीन आठवडे झाले, महिना झाला. एकही बकरी आजारी पडली नाही. पण कळप पुन्हा जमला नाही. चालता न येणारी बाई कळप कसा चारणार? ज्या घरांकडे एक-एक बकरी उरली होती त्यांनी हळूहळू विकली, कारण मजुरी सोडून एका बकरीमागे दिवसभर कोण फिरेल? आज गावात सकाळी कळप निघत नाही. जनामायच्या बकऱ्या जावयानं टेम्पोत भरून नेल्या आणि आठवड्यानं मुलगी तिलाही घेऊन गेली.

निघायच्या दिवशी ती ऑटोत बसलेली, भोवती गोळा झालेल्या बायका, मी काठी हातात देत होतो. तेव्हा ती सगळ्यांसमोर बोलली. हे मला कुठंच ठेवता येत नाही, म्हणून जसंच्या तसं देतो. "सुधाकरनं येळेवर खरं सांगतलं म्हून गावच्या बकऱ्या वाचल्या. नाई तर कोन सांगते, बाई?"

बायकांनी माना हलवल्या. मीही खाली पाहिलं, लाजल्यासारखं.

कधीकधी मनात येतं की तिला कळलं असेल. कानावर दाताची खूण असेल, तिनं पाहिली असेल, आणि मला सोडून दिलं असेल. हा विचार आला की जरा बरं वाटतं — आणि म्हणूनच तो खोटा आहे. तिला कळलं असतं तर ती अकरा दारं हिंडली नसती. उंबरावर चढली नसती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. बस.

माझं चांगलं झालं. तेवीस बकऱ्या आहेत, निम्म्याहून जास्त कवडीच्या त्या पहिल्या पाटीच्या वंशातल्या. ती पाटी — नावाची — कमानीवर अजून आहे, ऊन खाऊन फिकी झाली. आसपासच्या गावांतले लोक विचारायला येतात. मी त्यांना आवार फिरवतो आणि एक गोष्ट हमखास सांगतो: मागची बाजू आधी बांधा, दर्शनी बाजू राहू द्या, जाळी वीतभर गाडा. मागच्या महिन्यात एक नवराबायको आले होते, नवीनच सुरू करणारे. ती मुलगी वहीत सगळं लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "काका, हे तुमाले कोनं शिकवलं?"

मी म्हटलं, अनुभवानं.

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिचं पेन थांबेपर्यंत मी पाहत राहिलो. ते गेल्यावर आत आलो, आणि हे लिहायला बसलो.

जनामाय आहे. मुलीच्या दारात खाटेवर बसलेली असते, असं ऐकतो. मी पुलगावपर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा स्टँडवर चहा घेतला आणि परतीच्या एसटीत बसलो.

मंदा आत्ता बाहेर पिल्लांना पाणी दाखवतेय. हे कागद मी तिच्या हातात देणार आहे का? लिहिताना वाटतं, देईन. सात वर्षांत बरंच काही वाटलं.

कवडीला कुत्र्यांनी मारलं. नाल्याकडची बाजू मी बांधली नव्हती. तिच्या तोंडात फोड नव्हते. ही तीन वाक्यं मी जनामायला देणं लागतो, तिच्या खाटेसमोर उभं राहून, आणि नंतर गावातल्या त्या अकरा दारांत. आणि एक गाभण बकरी, डाव्या कानाला दोन चिरा असलेली.